नागपूरच्या हवेत दुहेरी केसांचा कुत्रा: निगेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की नागपुरातल्या ग्रूमरकडे एकच मागणी सुरू होते: "मशीन मारून टाका, बिचाऱ्याला फार गरम होतं." प्रेमापोटीच केलेली असली तरी ही मागणी चुकीची आहे. म्हणून केसांची तोंडओळख झाली की लगेच त्याच प्रश्नाकडे वळलो आहोत.

माझ्या कुत्र्याचे केस दुहेरी आहेत हे कसं ओळखायचं?

पाठीवरचे केस दोन्ही हातांच्या बोटांनी दुभागा आणि उजेडात बघा. वर लांब, सरळ, जरा राठ केस आणि त्यांच्या मुळाशी मऊ, फिकट, दाट लव असे दोन थर दिसले तर केस दुहेरी आहेत. कातडीच्या एकेका छिद्रातून एक राठ केस आणि त्याच्यासोबत अनेक बारीक केस बाहेर येतात. राठ केस ऊन, पाणी, काटे अडवतात. आतली लव, म्हणजे ग्रूमरच्या भाषेत अंडरकोट, कातडीजवळ हवेचा थर धरून ठेवते.

जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, सेंट बर्नार्ड, चाउ चाउ आणि पॉमेरियन ही ठळक नावं. आपल्याकडे घरोघरी ज्याला पॉमेरियन म्हणतात तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो. त्याचेही केस दुहेरीच. लॅब्राडॉरचे केस आखूड असल्यामुळे अनेकांना पटत नाही, पण तोही याच यादीत येतो. सोफ्यावर सापडणारे केस हा त्याचा रोजचा पुरावा. पूडल आणि माल्टीज वेगळे. त्यांचे केस वाढतच राहतात, म्हणून ते कापावे लागतात. शेजारच्या पूडलचे केस कापतात म्हणून आपल्या हस्कीचेही कापायचे, हा हिशोब इथे लागू होत नाही.

उन्हाळ्यात पूर्ण टक्कल केलं तर त्याला थंड वाटणार नाही का?

नाही. माणसाच्या अंगभर घाम येतो आणि तो उडताना कातडी गार होते, म्हणून आपल्याला कमी कपड्यांत बरं वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, तोही जेमतेम. उरलेलं सगळं काम तो जीभ बाहेर काढून धापा टाकत करतो. अंगावरचे केस काढल्याने या यंत्रणेला काडीची मदत होत नाही.

आता नागपूरचा मे महिना बघा. कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस, आणि दुपारची हवा 44-45 अंश. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, त्याहूनही वर जाते. म्हणजे बाहेरची हवा त्याच्या अंगापेक्षा गरम असते, आणि उष्णता बाहेरून आत येते. तिला अडवणारा एकमेव थर म्हणजे केस, आणि नेमका तोच आपण काढून टाकतो. शिवाय खालची कातडी फिकट असते, ती उन्हात भाजते.

पुढचा त्रास केस परत येताना होतो. लव आधी आणि भराभर वाढते, राठ केस मागे राहतात. त्यामुळे अंग लोकरीसारखं होतं, लवकर गुंततं, कुसळं पकडतं, पाणी शोषून घेतं. काही कुत्र्यांचे केस महिनोन् महिने येतच नाहीत. पाठीवर आणि मांड्यांवर टकलाचे चट्टे राहतात. हा प्रकार हस्की, मॅलम्यूट, सॅमॉयेड, चाउ चाउ आणि पॉमेरियन यांच्यात जास्त दिसतो. केस पूर्ववत व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. कोणाचे परत येतील आणि कोणाचे नाही, हे आधी सांगता येत नाही.

"पण मशीन मारल्यावर तो घरभर उड्या मारत होता," असं बरेच जण सांगतात. ते खरंही असतं. मेलेल्या लवेचा जाड थर कातडीला चिकटून बसला होता, गुंते ओढत होते, हवा आत जात नव्हती. ते सगळं एकदम गेलं. तोच आराम नीट विंचरूनही मिळतो, आणि छत्र शाबूत राहतं.

मग मशीन कधीच फिरवायचं नाही?

शस्त्रक्रियेआधी, जखमेभोवती, डॉक्टरांनी त्वचारोगासाठी सांगितल्यावर, किंवा अंगावर जटांचा अखंड पत्रा झाला असेल तर फिरवायचं. जटा तासन् तास ओढत बसणं हा छळ आहे. अशा वेळी टक्कल हाच दयेचा मार्ग.

काय कापलं तर चालतं?

पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस गाद्यांच्या पातळीत कापा. फरशीवर पाय घसरायचा थांबतो. गुदद्वाराभोवतीचे आणि लघवीच्या जागेजवळचे केस आखूड करा. मांड्यांमागची झालर, शेपटीची टोकं, कानांमागचे पिंजारलेले केस कात्रीने थोडे सावरता येतात. पाठ, कुशी आणि मान यांना हात लावू नका.

केस सगळ्यात जास्त कधी गळतात?

हे घड्याळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं, तापमानाचा वाटा त्यानंतरचा. नागपुरात साधारण फेब्रुवारी ते एप्रिल जाडसर हिवाळी लव सुटते आणि पावसाळा सरताना दुसरी फेरी येते. ऐन भरात दोन ते चार आठवडे पुंजकेच्या पुंजके निघतात. रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइटखाली आणि एसीत राहणाऱ्या कुत्र्यांचं घड्याळ बिघडतं, ते वर्षभर थोडे थोडे गाळत राहतात. मादीचे केस पिल्लं झाल्यावर दोनेक महिन्यांनी भरपूर जातात. घाबरायचं कारण नाही.

घरी कोणती साधनं लागतात?

लांब केसांसाठी तीन पुरे: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, दोन-अडीच सेंटीमीटर लांब दात असलेला अंडरकोट रेक, आणि एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा. यातला कंगवा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा, कारण काम खरंच झालं की नाही ते तोच सांगतो. लॅब्राडॉर आणि बीगलला रबरी ब्रश पुरतो.

पात्याचं डी-शेडिंग हत्यार जपून वापरा. ते जोरात किंवा रोज फिरवलं तर लवेबरोबर राठ केसही तुटतात आणि पाठीवर निस्तेज पट्टे दिसू लागतात. दुहेरी केसांवर आमची पहिली पसंती रेकलाच आहे.

विंचरण्याची बरोबर पद्धत कोणती?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरवर विंचरणं. वरचे केस चमकतात, आपण खूश होतो, आणि खाली कातडीलगत गुंतलेल्या केसांचा घट्ट थर तयार होत राहतो. कातडीपर्यंत पोचायचं असेल तर थर पाडून विंचरावं लागतं.

कोरड्या केसांवर ब्रश फिरवू नका, केस तुटतात. अर्धा लिटर पाण्यात कुत्र्यांच्या कंडिशनरचा एक छोटा चमचा मिसळा आणि हलका फवारा मारा. कुत्र्याला कुशीवर निजवा. मागच्या मांडीच्या खालच्या टोकापासून सुरुवात करा. तुमचा डावा हात आडवा ठेवून वरचे सगळे केस वर दाबून धरा, म्हणजे हाताखाली कातडीची एक पांढुरकी रेघ उघडी पडेल. त्या रेघेतून फक्त बोटभर केस खाली सोडा आणि स्लिकर मुळापासून टोकाकडे फिरवा. मनगट सैल ठेवा. ब्रशच्या तारा कातडीला टेकल्या पाहिजेत, घासल्या जाता कामा नयेत. लव निघायची थांबली की डावा हात दोन सेंटीमीटर वर सरकवा, पुढची रेघ घ्या. अशा रेघा घेत पाठीच्या कण्यापर्यंत या.

एकाच जागी आठ-दहा हातांपेक्षा जास्त मारू नका. कातडी लाल होते, दुसऱ्या दिवशी कुत्रा ती चाटून चाटून सोलतो. आधी तुमच्या स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ब्रश फिरवून किती जोर बोचतो ते बघा.

शेवटी कंगवा. विरळ दात मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेले, मग दाट दातही गेले, तर तो भाग झाला. अडकले तर तिथे परत ब्रश.

गोल्डन आणि जर्मन शेफर्डला आठवड्यातून दोन-तीनदा, हस्की आणि स्पिट्झला तीनदा, लॅब्राडॉरला एकदा. गळतीच्या दिवसांत सगळ्यांनाच रोज पंधरा-वीस मिनिटं. एका बैठकीत पूर्ण कुत्रा उरकायची गरज नाही. आज मांड्या, उद्या मान असं चालतं.

कानामागे आणि काखेत गाठी झाल्या आहेत. कात्रीने कापू का?

नका कापू. गाठीखालची कातडी ओढली जाऊन तंबूसारखी वर आलेली असते, कात्री तिच्यातूनच जाते. कानामागची कातडी तर कागदासारखी पातळ.

गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा आणि बोटांनी मुरवा. केस निसटते होतात. गाठ आणि कातडी यांच्या मधल्या केसांना चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचणार नाही. आता कंगव्याच्या शेवटच्या एक-दोन दातांनी गाठीच्या बाहेरच्या टोकाकडून थोडं थोडं सोडवत आत या. मुळाकडून ओढायला गेलात की गाठ घट्ट होते आणि कुत्रा पुढच्या वेळी ब्रश बघूनच पलंगाखाली जातो. फारच टणक गाठ असेल तर केसांच्या दिशेने बोटांनीच तिच्या लांबट फाका करा, मग प्रत्येक फाक वेगळी सोडवा.

गाठी सोडवल्याशिवाय आंघोळ घालू नका. भिजून वाळलेली गाठ आवळते, आणि तिच्यात अडकलेला साबण व ओल दोन्ही कातडीला खातात. काखेत गाठी वारंवार होत असतील तर छातीचा पट्टा बघा. दिवसभर अंगावर ठेवलेला पट्टा हेच बहुतेक वेळा कारण निघतं. फिरून आल्यावर तो काढून ठेवा.

आंघोळ किती दिवसांनी आणि कशी?

चार ते सहा आठवड्यांनी एकदा. उकाड्यात दर रविवारी शाम्पू लावण्याची पद्धत कातडीचं तेल घालवते. मग खाज, कोंडा आणि आणखी गळती. फक्त गार करायचं असेल तर नुसत्या पाण्याने पाय आणि पोट धुवा.

आधी विंचरणं, मग पाणी. एप्रिलनंतर गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंग भाजेल इतकं तापतं, म्हणून सकाळी सात-आठच्या आत उरका आणि मनगटावर पाणी घेऊन बघा. कोमट हवं, गरम नको. दाट केस पाणी परतवतात. वरून दोन मग ओतून तो भिजत नाही. हँड शॉवर किंवा पाइपचं तोंड कातडीला टेकवून, केस उलटे करत पाच-दहा मिनिटं भिजवा.

शाम्पू थेट अंगावर ओतू नका, एकाच जागी चिकटतो आणि धुऊन निघत नाही. डब्यावर वेगळं प्रमाण दिलं नसेल तर एक भाग शाम्पूला आठ-दहा भाग पाणी असा पातळ करा. माणसांचा शाम्पू नको, लहान बाळांचाही नको. कुत्र्याच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा, उदासीनच्या जवळचा असतो. औषधी शाम्पू असेल तर तो साधारण दहा मिनिटं अंगावर राहिला पाहिजे, घड्याळ लावूनच.

फेस करायला लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्या. मोठ्या कुत्र्याला तीन-चार बादल्या पाणी सहज लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर साबण लवेत अडकून राहतो. शेवटची बादली नळाच्या पाण्याची घ्या. केस पिळल्यावर बोटांना बुळबुळीत लागलं तर अजून धुवा.

वाळवायचं कसं? उन्हात सोडलं तर चालेल?

हिवाळ्यात दुपारच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ चालतं. मे महिन्यात मुळीच नाही, आणि पावसाळ्यात ऊनच नसतं.

टॉवेल घासू नका, दाबून पाणी टिपा; घासल्याने गुंते होतात. मग जोरदार झोताचा ब्लोअर, गरम हवेशिवाय. झोत कातडीवर मारला की केस फुलासारखे उघडतात आणि मुळाशी ओल आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं. याच वेळी सुटी लव ढगांसारखी उडते, तेव्हा गच्चीवर किंवा अंगणात करा. तोंडावर आणि कानात झोत नको. गोल्डनला पाऊण ते एक तास धरून चला. घरचा हेअर ड्रायर फक्त थंड हवेवर, तोही सतत हलवत ठेवा.

वरून कोरडा वाटणारा कुत्रा आत ओला असू शकतो. मान, छाती, शेपटीचं मूळ आणि मांड्यांच्या मधे बोटं घालून तपासा.

ओल राहिली तर एवढं काय होतं?

जून ते सप्टेंबर या काळात नागपुरातल्या दाट केसांच्या कुत्र्यांचा हाच मुख्य आजार आहे. ओलसर लवेखाली जंतू आणि यीस्ट वाढतात, आंबूस वास येतो, कुत्रा एक जागा चावत सुटतो, आणि सकाळी नसलेली लाल, चिकट, पाणी सुटणारी जखम संध्याकाळपर्यंत तळहाताएवढी होते. याला हॉट स्पॉट म्हणतात. गोल्डनच्या गालाखाली आणि जर्मन शेफर्डच्या पाठीच्या मागच्या भागावर जास्त.

अशा वेळी जखमेभोवतीचे केस निरोगी कातडी दिसेपर्यंत आखूड करणं गरजेचं असतं, म्हणजे हवा लागते. गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हळद-तेलाचा लेप लावू नका, तेलाने ओल आत कोंडते. पावसात फिरून आल्यावर पोट, काखा आणि पंजांची बेचकी कोरडी केली तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते. कूलरसमोर ओल्या कुत्र्याला बसवणं हा वाळवण्याचा उपाय नव्हे, कूलरची हवा दमट असते.

आंघोळीच्या पाण्यात डेटॉल टाकलं तर? आणि गोचिडांना रॉकेल?

दोन्ही नको. डेटॉलने कातडी चुरचुरते, भाजते, आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो. रॉकेल तर सरळ विष. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी त्रास देत नाही, पण गोचिडांसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

दाट लवेत गोचीड हाताला लागेपर्यंत दिसत नाही. विंचरताना कानाच्या आत, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यात मुद्दाम बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, बोटांनी चिरडू नका. मानेवर टाकायचं थेंबाचं औषध वापरत असाल तर केस दुभागून ते कातडीवर पडेल असं टाका, आणि आधी व नंतर दोन दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं औषध आणूच नका, मांजराच्या जिवावर बेततं. गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालतात, तेव्हा कुत्र्याबरोबर घराचाही बंदोबस्त करावा लागतो. ताप, मलूलपणा, फिक्या हिरड्या दिसल्या तर गोचीडताप असू शकतो. रक्ततपासणीला उशीर करू नका.

गवतातून आल्यावर कुसळं अडकतात, काढली नाहीत तर?

पाऊस संपून गवत वाळलं की सुरू होणारा हा त्रास हलक्यात घेऊ नका. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा या बाजूंना किंवा मोकळ्या प्लॉटवर फिरवत असाल तर रोज तपासा. कुसळाचं टोक अणकुचीदार आणि मागचे केस उलटे, म्हणून ते पुढेच सरकतं. लवेतून कातडीत आणि तिथून आत. बोटांच्या बेचक्यात फोड येऊन फुटत राहणं, एकच कान झटकणं, डोकं तिरकं धरणं ही खूण. कानात गेलेलं कुसळ घरी काढायचा प्रयत्न करू नका.

केस न कापता उन्हाळ्यात थंड कसं ठेवायचं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये मेलेली लव पूर्ण काढा, अर्धं काम तिथेच होतं. फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवता आली नाही तर पंजेही ठेवता येणार नाहीत. कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम. जुलैत मात्र दमट हवेमुळे कूलर जसा निकामी होतो तशीच कुत्र्याची धापही अपुरी पडते, कारण दोन्हींची भिस्त पाणी उडण्यावर आहे. म्हणून 32 अंशांच्या पावसाळी दुपारी पळवलेला हस्कीही कोसळू शकतो.

धाप थांबत नाही, लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक, चाल डगमगती, तर ऊन लागलं आहे. सावलीत आणा, पाणी कातडीपर्यंत पोचेल असं ओता आणि पंखा लावा. टाकीचं पाणी तापलेलं असेल तर माठातलं घ्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो तापून उष्णता कोंडतो. गार करायला सुरुवात करा आणि मगच डॉक्टरांकडे न्यायला गाडी काढा.

ग्रूमर निवडताना काय विचारावं?

"याचे केस कसे कराल?" एवढंच विचारा. उत्तर ब्लोअर आणि रेकपासून सुरू झालं तर ठीक. मशीनपासून सुरू झालं तर दुसरीकडे जा. गरम हवेच्या बंद पिंजऱ्यात वाळवतात का, हेही विचारा. त्यात कुत्रे दगावतात. गुंगीचं इंजेक्शन पशुवैद्याशिवाय कोणीही देऊ नये. काम चालू असताना बघू देत नसतील तर आम्ही तिथे कुत्रा सोडणार नाही.

पिल्लाला कधीपासून सवय लावावी?

घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून, रोज दोन मिनिटं, मऊ ब्रश आणि खाऊ. बाहेरच्या सलूनमध्ये लसी पूर्ण झाल्यावरच. चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान स्पिट्झ आणि पॉमेरियन विरळ, विद्रूप दिसतात. पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येत असतात. त्या काळात कापून "जोर आणू" नका, केस कापल्याने दाट होत नाहीत.

आम्ही आधीच टक्कल करून बसलो आहोत. आता?

सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उन्हात नेऊ नका. रोज मऊ ब्रशने हलकं विंचरा, येणारी लव कातडीवर साचू देऊ नका. पुन्हा मशीन लावू नका, "एकसारखं करण्यासाठी" सुद्धा नाही. जेवणात प्रथिनं असू द्या. नुसत्या दूध-पोळीवर केस नीट येत नाहीत. सहा महिन्यांनंतरही चट्टे उघडेच असतील तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

केस गळणं नेहमीचं आहे की आजार, हे कसं ओळखायचं?

हंगामी गळतीत पुंजके निघतात, पण खालची कातडी दिसत नाही. दोन्ही कुशींवर सारखंच टक्कल, शेपटी उंदरासारखी उघडी, वजन वाढणं आणि सुस्ती एकत्र आली तर थायरॉइड. गोल चट्टे आणि कोंडा असेल तर बुरशी. ती माणसांनाही लागते, म्हणून ब्रश वेगळे ठेवा. रात्रभर खाजवणं आणि कानांच्या कडा खरबरीत होणं म्हणजे खरूज. अशा वेळी शाम्पू बदलत बसण्यापेक्षा कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घेणं सोपं पडतं. आपल्या शहरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात दाखवता येतं. जाण्याआधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका आणि मलम लावू नका, नाहीतर नमुन्यात काही सापडत नाही.